कोथरूडचे घर, बेंगळुरूचा मुक्काम आणि मधला बोगदा

वाचकांचे प्रश्न : घरातील संगणक आणि जाळे

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून कोथरूडला राहतो. आजोबांच्या हातच्या मोडी लिपीतील जमाखर्चाच्या वह्या, जुनी खरेदीखते आणि घराण्यातील काही हजार छायाचित्रे मी गेली तीन वर्षे स्कॅन करत आहे. ती सर्व रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडलेल्या चार टेराबाइटच्या डिस्कवर ठेवली आहेत. घरात असताना ती कोणत्याही खोलीतून उघडतात. डिसेंबर ते मार्च आम्ही बेंगळुरूला मुलाकडे असतो, तेव्हा मात्र काम ठप्प होते. एका व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली हाक घरातील ठरावीक यंत्राकडे वळवण्याची मांडणी) करून पाहिले, पण बाहेरून काहीच उघडत नाही. इंटरनेटची जोडणी देणाऱ्यांच्या माणसाने "आमच्या लाइनवर ते होत नाही" एवढेच सांगितले. शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी म्हणतो, "काका, टनेल टाका." हा टनेल म्हणजे नेमके काय, तो कसा टाकायचा आणि त्यात धोका किती?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : त्या माणसाने तुम्हाला तुटक उत्तर दिले असले, तरी ते बहुधा खरे आहे. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपी आवृत्ती ४ चे, पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी आहेत. जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून आशिया-प्रशांत विभागाची नोंदणी संस्था असलेल्या एपनिकने उरलेले पत्ते हात आखडून द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून जोडणी देणाऱ्या अनेक कंपन्या एकच जाहीर पत्ता बऱ्याच ग्राहकांमध्ये वाटून देतात. या व्यवस्थेला कॅरियर ग्रेड नॅट, बोलण्यात सीजीनॅट, म्हणतात.

पेठेतल्या जुन्या वाड्याची आठवण काढली, तर हे लगेच उमजेल. वाड्याला घरक्रमांक एकच, दिंडीदरवाजा एकच आणि आत वीस बिऱ्हाडे. आतल्या बिऱ्हाडाने बाहेर पत्र पाठवले की दारावरचा माणूस त्याची नोंद ठेवतो आणि उत्तर आले की ते बरोबर त्याच बिऱ्हाडात पोचवतो. बाहेरून आपणहून आलेल्या पत्रावर नुसता घरक्रमांक असेल, तर ते कोणाचे हे त्याला कळत नाही आणि तो ते परत लावतो. तुम्ही पोर्ट फॉरवर्डिंग केले ते तुमच्या खोलीच्या दारावर. दिंडीदरवाजा कंपनीच्या ताब्यात आहे आणि तिथल्या माणसाला तुमच्या सूचनेचा पत्ताच नाही.

तुमची जोडणी अशीच आहे का, हे पाच मिनिटांत तपासता येते. राउटरच्या पानावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या नावाखाली जो पत्ता दिसतो तो टिपून घ्या आणि घरातूनच "माझा आयपी पत्ता कोणता" हे सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील, आणि विशेषतः राउटरमधील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. पत्त्याचा टिंबाआधीचा पहिला आकडा १० दिसला तरी अर्थ तोच. काही कंपन्या जादा पैसे घेऊन स्थिर जाहीर पत्ता देतात, पण तुमच्या कामासाठी मी तो घ्यायला सांगणार नाही. जाहीर पत्त्यावर उघडे ठेवलेले दार दिवसरात्र कोणीतरी ठोठावत असते. २०१६ साली मिराय या घातक प्रणालीने जगभरातील कॅमेरे आणि त्यांचे चित्रण साठवणारे डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या नुसत्या लावून पाहून. त्यामुळे तुमचे पोर्ट फॉरवर्डिंग जमले नाही, याचे मला फारसे वाईट वाटत नाही. राउटरमधील ती नोंद आजच काढून टाका.

आता टनेल. याला आपण बोगदाच म्हणू. बाहेरून आत येणारी हाक अडते, पण आतून बाहेर जाणारी हाक आणि तिचे उत्तर अडत नाही, या एकाच गोष्टीवर हा सगळा खेळ उभा आहे. घरातील पाय स्वतःहून बाहेरच्या, कायम जाग्या असलेल्या एखाद्या यंत्राशी कूटबद्ध जोडणी करतो आणि ती तुटू न देता धरून ठेवतो. बेंगळुरूहून तुम्ही त्याच मधल्या यंत्राकडे जाता आणि त्या धरून ठेवलेल्या जोडणीतून उलटे घरात शिरता. म्हणजे बोगदा घरातून बाहेरच्या दिशेने खणलेला असतो आणि तुम्ही तो दुसऱ्या तोंडाने वापरता. राउटरमध्ये काहीही उघडावे लागत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की हे मधले यंत्र कोणाचे.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती टेलस्केल या सेवेला आहे. असे कूटबद्ध बोगदे बांधणाऱ्या वायरगार्ड या मुक्त तंत्रावर ती उभी आहे आणि घरगुती वापरासाठी तिचा मोफत प्रकार पुरतो. पायवर आणि तुमच्या लॅपटॉपवर तिचा प्रोग्राम टाकून दोन्हीकडे एकाच खात्याने प्रवेश केला, की प्रत्येक यंत्राला एक खासगी पत्ता मिळतो आणि तो तुम्ही कोथरूडला असा की बेंगळुरूला, तोच राहतो. कंपनीचे यंत्र दोन्ही टोकांना एकमेकांच्या जाहीर किल्ल्या (इतरांना देता येणारी ओळख; तिच्या जोडीची खासगी किल्ली यंत्राबाहेर जात नाही) पोचवते आणि नंतर शक्य असेल तेव्हा दोन्ही यंत्रे थेट बोलतात. ते जमले नाही तर मजकूर कंपनीच्या मधल्या यंत्रावरून जातो, पण खासगी किल्ल्या तुमच्याच यंत्रांवर असल्यामुळे तो तिथे वाचता येत नाही. गंमत अशी, की टेलस्केलही पत्ते १००.६४ ते १००.१२७ याच पट्ट्यातून देते, तेव्हा वरची तपासणी करताना हा पत्ता आणि राउटरचा पत्ता यांची गल्लत करू नका. एक गोष्ट मात्र निघण्यापूर्वी न विसरता करा. या सेवेतील यंत्राची ओळख नेहमीच्या मांडणीत १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा प्रवेश करावा लागतो. ऑगस्टमध्ये हे सगळे बसवून तुम्ही डिसेंबरात निघालात, तर फेब्रुवारीत एका सकाळी पाय गप्प होईल आणि घरात त्याला जागे करायला कोणी नसेल. व्यवस्थापनाच्या पानावर पायच्या नावापुढे ही मुदत बंद करण्याची सोय आहे, ती वापरा.

कुठल्याही कंपनीच्या खात्यावर विसंबायचे नसेल, तर मधले यंत्र स्वतःचे घ्यावे, म्हणजे एखादा छोटा सर्व्हर भाड्याने घ्यावा. तो मुंबईतील डेटा सेंटरमधला निवडा. स्वस्त म्हणून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा घेतलात, तर काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जात असला तरी पुण्याहून तिथे जाऊन परत यायला किमान सव्वाशे मिलिसेकंद लागतात. तुमचा मजकूर बेंगळुरूहून तिथे, तिथून पुण्याला आणि पुन्हा त्याच वाटेने परत, असा फिरणार असल्यामुळे ते अडीचशेच्या वर जातील आणि प्रत्येक टिचकीला तुम्हाला थांबल्यासारखे वाटेल.

असा सर्व्हर हाताशी असला, की सर्वांत जुना आणि सर्वांत सोपा बोगदा एसएसएचचा, म्हणजे दूरच्या यंत्रावर कूटबद्ध वाटेने प्रवेश करून आज्ञा देण्याच्या पद्धतीचा. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरीला गेल्यानंतर तातू युलोनेन यांनी १९९५ साली ही पद्धत तयार केली आणि आज ती पायसारख्या जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते. पायवरून सर्व्हरला एसएसएचने जोडताना मोठ्या 'आर'चा पर्याय देऊन पुढे २२२२, विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, लोकलहोस्ट, पुन्हा दोन टिंब आणि २२ असे लिहायचे, अर्थात रोमन अक्षरांत आणि आकड्यांत. याचा अर्थ असा, की सर्व्हरवर २२२२ क्रमांकाच्या दारात जो येईल त्याला बोगद्यातून पायच्या २२ क्रमांकाच्या दारात आणून सोडावे. नेहमीच्या मांडणीत हे २२२२ चे दार फक्त सर्व्हरच्या आतूनच उघडते, आणि ते तसेच राहू द्यावे. बेंगळुरूहून आधी सर्व्हरवर आणि तिथून पायवर, असा दोन उड्यांचा प्रवास एसएसएचचा मोठ्या 'जे'चा पर्याय एकाच आज्ञेत करून देतो. या वाटेने फायली न्यायला एसएफटीपी ही एसएसएचसोबतचीच सोय पुरते, आणि आतली एसएसएच जोडणी तुमच्या लॅपटॉपपासून थेट पायपर्यंत कूटबद्ध असल्यामुळे मधल्या सर्व्हरलाही काही दिसत नाही.

आज्ञा एका ओळीची आहे, पण तिला चार महिने जिवंत ठेवणे हे खरे काम आहे, आणि व्हिडिओंमध्ये नेमके तेच नसते. घरची लाइन मिनिटभर गेली, तर पायला कळते की जोडणी तुटली, पण सर्व्हरला ते लगेच कळत नाही. जुनी, मेलेली जोडणी २२२२ चे दार अडवून बसते. पाय नव्याने जोडला जातो, त्याला ते दार मिळत नाही, तरी एसएसएच तक्रारीची एक ओळ छापून तशीच जोडलेली राहते. म्हणजे वरवर सगळे ठीक दिसते, पण बोगदा नसतो. यावर तीन उपाय एकत्र करावे लागतात. पायच्या बाजूला 'सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल' तीस सेकंद ठेवा, म्हणजे तुटलेली जोडणी त्याला दीड-दोन मिनिटांत ओळखता येईल. 'एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर' हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे दार मिळाले नाही तर एसएसएच बाहेर पडेल. आणि सर्व्हरच्या बाजूला 'क्लायंट अलाइव्ह इंटरव्हल' द्या, म्हणजे तोही मेलेली जोडणी सोडून देईल. बाहेर पडलेल्या एसएसएचला पुन्हा उभे करण्याचे काम सिस्टमडीकडे, म्हणजे लिनक्समधील प्रोग्राम सुरू करून चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेकडे, सोपवावे. त्यात 'रीस्टार्ट ऑलवेज' आणि दोन प्रयत्नांमध्ये दहा-पंधरा सेकंदांचे अंतर लिहिले की पुरते.

किल्लीबद्दलही थोडे. पासवर्डने प्रवेश सर्व्हरवर पूर्ण बंद करा आणि ईडी२५५१९ प्रकारची किल्ली वापरा. पायवरची किल्ली बंद घरात चार महिने पडून राहणार आहे. ती कोणाच्या हाती लागलीच तर तिने सर्व्हरवर दुसरे दार उघडता येऊ नये, यासाठी सर्व्हरवरील अधिकृत किल्ल्यांच्या फायलीत तिच्या ओळीपुढे 'रिस्ट्रिक्ट', 'पोर्ट फॉरवर्डिंग' आणि 'परमिट लिसन' २२२२ असे निर्बंध लिहावेत. शेजारच्या विद्यार्थ्याला हे करायला दहा मिनिटे लागतील आणि त्याला शिकायलाही मिळेल.

एसएसएचऐवजी वायरगार्ड स्वतः बसवता येते. जेसन डोनेनफेल्ड यांचे हे तंत्र मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत गाभ्याचाच भाग झाले. सर्व्हरवर यूडीपीचे (इंटरनेटवर मजकुराची पाकिटे पाठवण्याच्या एका पद्धतीचे) एक दार, बहुधा ५१८२० क्रमांकाचे, उघडे ठेवावे लागते, पण ओळख न पटलेल्या पाकिटाला वायरगार्ड अजिबात उत्तर देत नाही. ठोठावणाऱ्याला तिथे दार आहे हेच कळत नाही. नॅटच्या मागे असलेल्या पायवर 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद लिहा, नाहीतर दारावरचा माणूस थोड्या वेळाने नोंद पुसून टाकतो. लॅपटॉपकडून पायकडे जाणारा मजकूर सर्व्हरने पुढे सरकवावा यासाठी तिथे आयपी फॉरवर्डिंग चालू असावे लागते. या मांडणीत मजकूर सर्व्हरवर उलगडून पुन्हा कूटबद्ध होतो, म्हणून सर्व्हरची निगा एसएसएचच्या मानाने जास्त काळजीने राखावी लागते.

या वाटेत एक खड्डा असा आहे, की तो पुणेकरांना सापडण्याची शक्यता जास्त. गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी वीज जाते, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. रास्पबेरी पायच्या ४ थ्या पिढीपर्यंतच्या मॉडेलांत वीज गेल्यावर चालू राहणारे घड्याळच नाही, आणि ५ व्या पिढीत ते असले तरी त्याला वेगळी बॅटरी जोडावी लागते. वीज आली की पाय मागे कधीतरी टिपून ठेवलेली वेळच आताची समजून उठतो. वायरगार्डच्या प्रत्येक हस्तांदोलनात, म्हणजे जोडणी सुरू करतानाच्या ओळखपरेडीत, वेळेचा शिक्का असतो आणि आधी पाहिलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला, तर समोरचे टोक तो मुकाट्याने टाकून देते. इंटरनेटवरून पायचे घड्याळ जुळेपर्यंत बोगदा उभा राहत नाही. घड्याळ जुळवण्यासाठीच पायला बोगद्यातून जायला लावले असेल, तर ते कधीच जुळत नाही. म्हणून पायची बाहेर जाणारी सर्व वाहतूक बोगद्यात घालू नका. फक्त बोगद्यापुरते पत्ते त्यात द्या आणि घड्याळ जुळल्यानंतरच वायरगार्ड सुरू होईल असा क्रम लावा. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर असेल तर उत्तमच.

दुसरा खड्डा पत्त्यांचा. तुमच्या घरचे आणि मुलाच्या घरचे, दोन्ही राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देत असण्याची शक्यता दाट आहे. तसे असेल आणि तुम्ही बोगद्यातून घरचे सगळे जाळे गाठू पाहत असाल, तर लॅपटॉप १९२.१६८.१.१० हा पत्ता मुलाच्याच घरात शोधत बसेल. निघण्यापूर्वी कोथरूडच्या राउटरमध्ये तिसरा आकडा बदलून ७३ किंवा असाच आडमुठा ठेवा. फक्त पायशीच काम असेल, तर त्याचा बोगद्यातला पत्ता वापरला की हा प्रश्नच येत नाही.

वेगाची अपेक्षा बेताची ठेवा. बेंगळुरूला तुम्ही जे उतरवून घेता, ते कोथरूडहून वर चढवले जात असते. तिथला चढता वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर एक गिगाबाइटला तेरा-चौदा मिनिटे लागतात. मोठ्या स्कॅनच्या लहान प्रती करून ठेवल्यात, तर वाचनाचे काम त्यांवर भागेल.

माझ्या मते टेलस्केल मुख्य बोगदा म्हणून आणि एसएसएचचा उलटा बोगदा राखीव म्हणून, असे दोन्ही ठेवावेत. एका बोगद्यातून गेलेला माणूस त्याच बोगद्याची मांडणी बदलू लागला आणि चुकला, तर फांदीवर बसून फांदी तोडल्यासारखे होते. दुसरी वाट असेल तर परत येता येते. आणि हे सर्व नोव्हेंबरमध्येच तपासा. फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पायवर जाऊन पाहा, मग घरचा मेन स्विच पाच मिनिटे बंद करून पुन्हा चालू करा आणि कशालाही हात न लावता बोगदा उभा राहतो का ते पाहा. जाता जाता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. मोडीतल्या वह्यांची प्रत एकाच डिस्कवर असेल, तर दुसरी प्रत बोगद्याआधी करा.

प्रश्न : आमच्या औंधच्या बंगल्यात टाकीतील पाण्याची पातळी, पंप आणि दिवे होम असिस्टंट या प्रणालीवर चालतात. माझ्या पतींनी क्लाउडफ्लेअरचा टनेल लावला असून आता फोनच्या ब्राउझरमधून सगळे दिसते. वरच्या उत्तरातील बोगद्यापेक्षा हा वेगळा आहे का? तो सुरक्षित आहे का?
— एक वाचिका, औंध

उत्तर : खणण्याची दिशा तीच आहे. घरातील छोटा प्रोग्राम आतूनच कंपनीच्या यंत्रांशी जोडणी करतो, त्यामुळे राउटरमध्ये काही उघडावे लागत नाही. फरक दुसऱ्या तोंडाला आहे. टेलस्केल किंवा वायरगार्डचे तोंड फक्त किल्ली असलेल्या यंत्रालाच दिसते, पण तुमच्या बोगद्याचे तोंड एका जाहीर नावाच्या संकेतस्थळावर उघडते आणि तिथे कोणीही येऊ शकते. त्याला अडवायला होम असिस्टंटचा पासवर्ड तेवढा असतो. पंपाची कळ जगाच्या हाती देण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. क्लाउडफ्लेअरचीच 'ॲक्सेस' ही सोय वापरून पानाच्या आधी ओळखीची पायरी बसवावी, म्हणजे ठरावीक ईमेल पत्त्यांखेरीज कोणालाही होम असिस्टंटचे पानच दिसणार नाही. आणि होम असिस्टंटमध्ये द्विस्तरीय प्रवेश चालू करावा. शिवाय ब्राउझरपासून येणारे कूटबद्धीकरण कंपनीच्या यंत्रावर उलगडते, म्हणून तांत्रिकदृष्ट्या कंपनीला मधला मजकूर पाहता येऊ शकतो, हे ठाऊक असू द्या. पाण्याच्या टाकीची पातळी कोणी पाहिली तर बिघडत नाही, पण घरातले कॅमेरे मी या वाटेवर ठेवणार नाही. घरातील दोघांच्याच फोनवरून वापर होत असेल, तर ब्राउझरची सोय सोडून वरच्या प्रकारचा खासगी बोगदा घ्या.

प्रश्न : हिंजवडीतील कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर टेलस्केल टाकून घरच्या डिस्कवरील गाणी ऐकली, तर चालेल का?
— एक वाचक, वाकड

उत्तर : कंपनीच्या माहिती सुरक्षा विभागाची लेखी परवानगी असल्याखेरीज नाही. तुम्हाला तो गाण्यांचा बोगदा वाटतो, पण त्या विभागाच्या नोंदीत तो कंपनीच्या यंत्रातून बाहेरच्या अनोळखी जाळ्यात निघालेली कूटबद्ध वाट म्हणूनच दिसेल आणि ती कोणत्या दिशेने वापरली गेली याचा खुलासा तुम्हाला करावा लागेल. स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटावरून खुशाल ऐका.